न जुळलेला पूल

माझ्या धाकट्या भावाला सरळ ठिकाणं आवडत नाहीत. लोक सुट्टीत समुद्रावर जातात, डोंगरावर जातात. हा आम्हाला कुलपांच्या संग्रहालयात नेतो. एकदा त्याने आम्हाला जुन्या तुरुंगात मुक्कामाला ठेवलं होतं. तिथे आता हॉटेल आहे. सकाळी आई उठून म्हणाली, "झोप छान लागली रे, पण सुटका कधी आहे?" तो शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याला सुट्ट्याही भरपूर आणि नकाशावरची नसती ठिकाणं उकरून काढायची सवयही.

मी पूल तपासते. तीच माझी नोकरी. कमानी, खांब, सांधे बघायचे, भेगा कुठवर गेल्या आहेत ते पाहायचं आणि हा पूल माणसांचं ओझं पेलेल की नाही ते सांगायचं. म्हणून त्या हिवाळ्यात तो म्हणाला, "ताई, या वेळी तुझ्या आवडीचं ठिकाण, पूल," तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं, नेहमीसारखा पूल नाही," तो म्हणाला. "आहे, पण झालेला नाही."

गोष्ट अशी होती. मोठ्या नदीच्या दोन काठांवर दोन गावं. दोघांनी मिळून दगडी पूल बांधायचा ठरवला. प्रत्येकाने आपापल्या काठावरून सुरुवात करायची आणि मध्यावर भेटायचं. कमानीमागून कमान उभी राहिली. दोन्ही टोकं इतकी जवळ आली की म्हणे गवंडी एकमेकांशी साध्या आवाजात गप्पा मारायचे, ओरडावं लागत नसे. आणि मग एका पुरात नदीच उठून गेली. टेकडीच्या पलीकडे तिने नवी वाट धरली. पाणी ओसरल्यावर पुलाखाली चिखल राहिला, मग त्यावर गवत आलं. नदीच नाही तर पूल कशाला, म्हणून शेवटची कमान कुणी घातलीच नाही. पलीकडच्या गावाच्या विहिरी आटल्या, आणि ते गाव हळूहळू रिकामं झालं. त्या बाजूचा चढ लोकांनी घरांसाठी दगडादगडाने उचलून नेला. त्यामुळे पलीकडचा अर्धा पूल आता जिना नसलेल्या माडीसारखा उभा आहे. वर जायला वाटच नाही.

"म्हणजे या पुलावरून आजपर्यंत एकही माणूस पार गेलेला नाही," भाऊ कौतुकाने म्हणाला. शोध जणू त्यानेच लावला होता.

त्या सहलीला आणखी एक कारण होतं. ते आम्ही दोघं आईसमोर बोलत नव्हतो. बाबा गेल्यापासून आई भावाकडे होती, आणि वर्षभरात तिचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा पत्ता. दोनदा ती दार उघडून निघून गेली. एकदा तर एका कापडाच्या दुकानात सापडली. मालकाच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना रंग सुचवत होती, आणि मालक बिचारा उभा. आम्ही हसलो, पण घरी आल्यावर भावजय रडली. ती दिवसभर कामावर, भाऊ शाळेत. भावाने एक चांगली संस्था पाहून ठेवली होती. मला ते पटत नव्हतं. आईला माझ्याकडे पाठव, म्हटलं तर तो म्हणायचा, "तू पुलाखाली लोंबकळत असतेस, घरी कोण?" या सहलीत काय ते ठरवायचं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. ऊन होतं, पण हवेत गारठा. तिकिटाच्या खिडकीत लोकरी टोपी घातलेली एक बाई विणत बसली होती. मागे मांडणीवर पुलाचं चित्र काढलेले कप आणि टोप्या. तिने आईच्या गुडघ्यांकडे आणि काठीकडे पाहिलं.

"वर बाक आहेत," ती म्हणाली. "त्यांना बसवा. बाक कडेला आहेत, तिथेच बसवा. मधोमध थांबू नका."

"का? धोका आहे का?" मी विचारलं. सवयच ती.

"नाही. वाट अडते," ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

पूल सुंदर होता. खोटं कशाला बोलू. चुन्याचे सांधे, कुठे भेग नाही, कमानींचा उतार डोळ्याला गार वाटावा असा. वर दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा. टोकाला छातीएवढं लोखंडी कुंपण घातलेलं. त्यापुढे दोन-तीन पावलांची फरसबंदी, आणि मग काही नाही. समोर, एखादी बस आडवी मावेल एवढ्या अंतरावर, दुसरा अर्धा पूल. खाली गवत. गवतात दोन-चार शेळ्या.

आईला आम्ही बाकावर उन्हात बसवलं. तिने शाल सारखी केली आणि म्हणाली, "छान आहे. पलीकडे काय आहे?"

"काही नाही आई," भाऊ म्हणाला. "पलीकडे कुणी जातच नाही."

"मग एवढा रुंद कशाला केला?" आई म्हणाली.

भाऊ फोटो काढत होता. मी खाली बघत फिरत होते. जुन्या पुलावर गेलं की मी आधी पायाखालचे दगड बघते. माणसं कुठून चालली, किती चालली, ते दगड सांगतात. जिथे लोक पाहायला येतात आणि मागे फिरतात, तिथे झीज पसरट होते. कुंपणापाशी माणसं थांबतात, वळतात, घोटाळतात. दगड सगळीकडे सारखे गुळगुळीत होतात.

इथे तसं नव्हतं. फरसबंदीच्या मधोमध एक खोलगट पट्टा होता, गावच्या जुन्या पायऱ्यांना पडतो तसा. तो सरळ कुंपणापर्यंत गेला होता. कुंपणापाशी पसरला नव्हता. मी गजांतून वाकून पाहिलं. कुंपणाच्या पलीकडे, जिथे कुणी पाऊल टाकत नाही, तिथेही तो तेवढाच खोल होता. शेवटच्या दगडाची कड झिजून गोल झाली होती. उंबऱ्याची होते तशी.

मी भावाकडून दुर्बीण घेतली. समोरच्या पुलाच्या पहिल्या दगडालाही तशीच गोल कड होती.

"काय गं?" त्याने विचारलं.

"काही नाही. दगड मऊ असेल."

दगड मऊ नव्हता. मी किल्ली घासून पाहिली होती.

मग मला पायाखाली ती थरथर जाणवली. ती मी शब्दांत कशी सांगू कळत नाही, पण माझ्या कामातल्या कुणालाही विचारा. पुलावरून गर्दी चालत असली की तळव्यांना एक बारीक कंप लागतो. वाऱ्याचा वेगळा, गाड्यांचा वेगळा. माणसांच्या चालण्याचा वेगळाच असतो, कारण माणसं एका ठेक्यात चालत नाहीत. मी मान वर करून पाहिलं. पुलावर आम्ही तिघं होतो. आई बसलेली, भाऊ कठड्याला टेकलेला, मी उभी.

मी मधोमध उभी होते. लक्षात आलं तशी बाजूला झाले.

धुकं खालून आलं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, ऊन अजून आईच्या शालीवर होतं, आणि नदीच्या जुन्या पात्रातून, गवतातून, पांढरट वाफ वर चढू लागली. जिथे पाणी वाहायचं बरोबर त्याच रुंदीने. शेळ्या दिसेनाशा झाल्या.

"चल, निघू या," मी म्हटलं.

"दोन मिनिटं," भाऊ म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, "ताई, मी त्या संस्थेला होकार कळवतोय. परत गेल्यावर."

आम्ही आईकडे पाठ केली. तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, ते होणार नाही. तो म्हणाला, तू महिन्यातून एकदा येतेस, मला रोज दाराला कुलूप लावावं लागतं, स्वतःच्या आईला कोंडावं लागतं. त्याचा आवाज फाटला. मी काहीतरी कडू बोलले. तोही बोलला. आम्ही लहानपणी भांडायचो तसे दात-ओठ खात, पण हळू आवाजात भांडत होतो.

वळून पाहिलं तर बाक रिकामा होता.

काठी बाकाला टेकून उभी होती. काठीशिवाय आई स्वयंपाकघरापर्यंतही जात नाही.

"आई?"

धुकं कठड्यावर आलं होतं. भाऊ खालच्या बाजूला धावला, तिकिटाच्या खिडकीजवळच्या दारापर्यंत. मी कुंपणाकडे. कुंपणाला फाटक नव्हतं, फट नव्हती. गज थंड आणि ओले होते. मी पलीकडे पाहिलं. दोन-तीन पावलांची फरसबंदी, गोल झालेली कड, आणि पांढरं.

मी पुन्हा हाक मारली. आवाज समोर गेला आणि परत आला नाही.

"इथून बाहेर कुणी आलं नाही," तिकीटवाली भावाला सांगत होती. ती खिडकीतून उठून बाहेर आली होती, हातात विणकाम तसंच. "मी दारातच आहे."

मग एकच जागा उरली होती. आम्ही दोघंही तिचं नाव घेत नव्हतो.

आम्ही बाजूच्या पायवाटेने खाली उतरलो. गवत गुडघ्याएवढं होतं. मधल्या मोकळ्या जागेखाली आम्ही हातांनी गवत चाचपत फिरलो. भाऊ एकीकडून, मी दुसरीकडून. समोर काही मऊ लागलं आणि मी किंचाळणार होते, तर शेळी. ती उठून निघून गेली.

काही नव्हतं.

पुन्हा फिरलो. काही नव्हतं.

"ताई," भाऊ म्हणाला. तो रडत होता. "इथे नाहीये. ताई, इथे नाहीये ती."

तेवढ्यात वरून आवाज आला.

"अरे, तिथे काय शोधताय?"

धुकं विरळ झालं होतं. पलीकडच्या अर्ध्या पुलावर, जिथे जायला वाट नाही, कठड्याच्या दगडावर आई बसली होती. शाल नीट खांद्यावर. ती आमच्याकडे बघून हात हलवत होती. शाळेच्या गाडीत बसलेलं मूल हलवतं तसा.

माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो, ते मला तेव्हा कळलं. मी गवतात बसलेच. भाऊ हसत होता की रडत होता, त्याचं त्याला माहीत.

"आई, हलू नकोस," मी ओरडले. "तिथेच बस."

"बसलेच आहे की," आई म्हणाली.

अग्निशमन दलाची गाडी आली. लांब शिडी लावली. एक तरुण जवान वर गेला आणि आईला पाठुंगळीला घेऊन खाली उतरला. आई त्याच्या खांद्यावरून सगळ्यांकडे बघत येत होती. उतरल्यावर तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "दमलास ना रे?"

"आजी, तुम्ही वर गेलात कशा?" त्याने विचारलं.

"चालत," आई म्हणाली.

जवान आमच्याकडे बघून हसला. मग त्याने त्या पुलाकडे पाहिलं. उभे सरळ खांब, हात घालायला कुठे खाच नाही, मागचं टोक तर कापल्यासारखं. त्याचं हसू हळूहळू गेलं. त्याचा वरिष्ठ खांबाभोवती एक चक्कर मारून आला, आणखी एक मारली, आणि म्हणाला, "कुणीतरी शिडी लावून ठेवली असेल. मग काढली असेल." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. असेल.

मी आईच्या चपला पाहिल्या. कोरड्या होत्या. गवत ओलं होतं, आम्ही दोघं गुडघ्यांपर्यंत भिजलो होतो, आणि आईच्या चपलांना गवताचं एक पातंही नव्हतं. दगडाची पांढरी धूळ मात्र होती.

तिकीटवालीने आईची काठी आणून दिली. मी तिला बाजूला घेतलं. "याआधी असं कधी झालंय?"

"सापडल्या ना?" ती म्हणाली. "मग झालं."

गावातल्या डॉक्टरांनी आईला तपासलं. रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम. "तुम्हा दोघांचा मात्र तपासायला हवा," ते म्हणाले, आणि आई खो-खो हसली. किती दिवसांनी ती अशी हसली होती. हॉटेलात आम्ही तिच्या खोलीत तिघं एकाच पलंगावर बसून गरम सूप प्यालो. भावाने तिचे पाय मांडीवर घेऊन चेपले. आईने विचारलं, "आज काय आहे? एवढं कौतुक?" आणि आम्ही पुन्हा हसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आम्ही हसत होतो.

भाऊ खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "ताई, गवतात हात घालताना मी काय म्हणत होतो माहितीये? एवढी सापडू दे, मग मी तिला कुठेच पाठवणार नाही."

"माझ्याकडे येऊ दे," मी म्हटलं. "मी बाहेरची कामं सोडते. ऑफिसातलं मागून घेते. सुट्टीत तू ये."

त्याने मान हलवली. वर्षभराचं भांडण तेवढ्यात मिटलं. नंतर आम्ही शिडीबद्दल बोललो नाही. बोलून काय मिळणार होतं? आई समोर झोपली होती, तोंड किंचित उघडं, श्वास संथ. मला आणखी काही नको होतं.

आई माझ्याकडे येऊन आता बरेच महिने झाले. सगळं इतकं चांगलं चाललंय की बोलायला भीती वाटते. तिचे गुडघे दुखत नाहीत. काठी कपाटामागे पडली आहे. विसरते अजून, पण घाबरत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती बाहेर निघून जात नाही. ती आली तेव्हा मी खबरदारी म्हणून दाराला वर, तिचा हात पुरणार नाही अशी, आणखी एक कडी बसवून घेतली होती. उगाचच बसवली असं वाटतं. शेजारच्या काकू दिवसा येऊन बसतात, त्या म्हणतात, तुझी आई उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही.

फक्त ती कडी. मी घरी येते तेव्हा ती काढलेली असते. काकू म्हणतात, तू गेलीस की मी ती लावते, काढत मात्र नाही.

परवा रविवार होता. आम्ही जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होतो. ऊन छान आलं होतं. मी सहज विचारलं, "आई, वरची कडी तू काढतेस का गं?"

"हो," आई म्हणाली. "बाहेरून येणाऱ्याला त्रास नको."

"कोण येणार आहे?"

तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "तेव्हा पुलावर केवढी गर्दी होती. मी एकटीच तिकडे चाललेले, बाकी सगळे इकडे. पण माणसं चांगली. म्हातारी आहे म्हणून बाजूला झाले, हाताला धरून पुढे दिलं एकमेकांनी. बायका होत्या, कडेवर पोरं होती. बिचाऱ्यांना इकडचं काहीच माहीत नाही. कुठे उतरायचं, कुणाकडे जायचं, काही नाही."

मी शेंग हातात धरून बसले होते.

"मला विचारत होते, तुम्ही कुठे राहता. मग मी पत्ता दिला."

"धाकट्याचा?" मी विचारलं. "तेव्हा तू त्याच्याकडे राहायचीस."

"नाही गं," आई म्हणाली. तिने माझ्या इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, दाराचा क्रमांक सांगितला. एकदाही न अडखळता. अजूनही कुणी पत्ता विचारला की ती माझ्याकडे बघते, मग मी सांगते.

"म्हटलं, सावकाश या. लांबचं आहे," ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.